अकरा बटा चार

"सगळं दिसतंय मॅडम, पण ह्यात बटा कुठं बसवलात?"

गांगुर्डेबाईंनी हे विचारलं तेव्हा मी फळ्यासमोर उभी होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. फळ्यावर मी ए ते झेड ही अक्षरं, शून्य ते नऊ हे आकडे, एक मोकळी जागा आणि एक हायफन एवढंच लिहिलं होतं. एकूण अडतीस चिन्हं. सहा आठवडे घासाघीस करून मी ती यादी एवढ्यावर आणली होती, आणि समोर बसलेल्या चार संस्थांच्या लोकांनी फक्त माना डोलवाव्यात अशी माझी अपेक्षा होती.

काम असं होतं. आमच्या नाशिक जिल्ह्यात चार वेगवेगळ्या संस्था रुग्णवाहिका चालवायच्या. चौघींचे फोन नंबर वेगळे, रजिस्टरं वेगळी आणि रुसवेफुगवेही वेगळे. एकीची गाडी शेजारच्या गावात रिकामी उभी असायची आणि फोन दुसरीकडं गेला म्हणून पेशंटला तीस किलोमीटरवरून गाडी यायची. पुण्यातल्या आमच्या लहानशा कंपनीनं हे चारही कंट्रोल रूम एकमेकांना जोडायचं काम घेतलं होतं. फोन कुठंही येवो, निरोप एका ओळीत चौघींच्या मशिनला पोचेल आणि जी गाडी सगळ्यात जवळ असेल ती निघेल. त्या ओळीत काय कसं लिहायचं याचे नियम ठरवायचं काम माझ्याकडं होतं. या नियमांच्या जोडणीला आम्ही 'दुवा' असं नाव दिलं होतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि जगातले बरेचसे गोंधळ नीट नियम केले की संपतात असं मला वाटायचं.

एका ओळीत चार गोष्टी असायच्या. कुठं, काय झालंय, किती जण, फोन कुणाचा. एक गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली हे मशिनला कळावं म्हणून मध्ये तिरपी रेघ मारलेली असायची. आता हीच रेघ जर पत्त्याच्या आत आली तर मशिनला वाटणार, पत्ता इथं संपला. पहिल्या चाचणीत नेमकं तसंच झालं होतं. अर्धा पत्ता आजाराच्या रकान्यात गेला, मशिननं निरोप बाजूला टाकला आणि गाडी जागची हलली नाही. नशिबानं ती नुसती तालीम होती. तेव्हाच मी ठरवलं, पत्त्यात तिरपी रेघ चालणार नाही.

हे सगळं मी बाईंना जरा वरच्या पट्टीतच समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. इंदुमती गांगुर्डे पन्नाशीच्या पुढच्या होत्या. आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि मग रुग्णवाहिकेच्या फोनवर अशी चोवीस वर्षं त्यांनी लोकांचे घाबरलेले आवाज ऐकण्यात काढली होती. त्या कधी आवाज चढवत नसत.

"तिरपी रेघ म्हणजेच आमचा बटा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं अर्धा तालुका मळ्यात राहतो मॅडम. मळ्याला गल्ली नसते, घर नंबर नसतो. गट नंबर हाच पत्ता, आणि भावाभावांत वाटण्या झालेल्या, म्हणजे त्यात बटा आलाच. बटा काढलात तर एकाचा मळा दुसऱ्याचा होईल."

कोणीतरी हसलं, मीही हसले. खरं तर मी खांडबहाले, त्याच बाजूची. माझ्या आजोबांच्या सातबाऱ्यावर तीन बटे होते आणि लहानपणी त्यांनी ते माझ्याकडून पाठ करून घेतले होते. पण पुण्यात अकरा वर्षं राहून मी इतकी शहाणी झाले होते की त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नाही.

मग वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. यादीत नसलेलं चिन्ह कोणी टाइप केलंच, तर मशिननं काय करावं? बाईंचं म्हणणं होतं, मशिननं अडवावं, ठणाणा करावा, दुरुस्त केल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नये. मला ते मुळीच पटलं नाही.

"माणूस तिकडं जीव सोडतोय आणि मशिन इकडं शुद्धलेखन तपासत बसणार?" मी म्हणाले.

हे वाक्य मला फार आवडलं होतं. आमचे वरिष्ठ भास्कर मुजुमदार कोपऱ्यात बसले होते, त्यांनाही ते आवडलं. ठरलं असं की नको असलेलं चिन्ह मशिन चाळणीनं गाळावं तसं गुपचूप गाळून टाकील आणि निरोप पुढं जाईल. फक्त बट्यासाठी मी बाईंना सूट दिली. म्हटलं, तुम्ही सवयीनं बटाच मारा, मशिन त्याचा आपोआप हायफन करील, तुम्हाला काही लक्षात ठेवायला नको.

"शब्द देताय ना?"

"दिला," मी म्हणाले, आणि फळा पुसायला घेतला.

दिवाळीनंतर दुवा सुरू झाला. गाड्या खरोखरच लवकर पोचू लागल्या. एका स्थानिक पेपरात आमचा फोटो आला, त्यात मी मधोमध उभी होते. आईनं तो कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. साडेचार महिने कोणाची काही तक्रार आली नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी सव्वादोनच्या सुमाराला बाईंच्या कंट्रोल रूमला फोन आला. रंगनाथ पानगव्हाणे नावाच्या माणसाचा. द्राक्षबागेची खरड छाटणी चालू होती, बांधावरच्या झाडावरचं आग्या मोहोळ उठलं आणि त्याची बायको चंद्रकला माश्यांच्या तावडीत सापडली. अंग सुजलं होतं, श्वास अडकत होता. बाईंनी पत्ता विचारला, त्यानं सांगितला, बाईंनी टाइप केला आणि अर्ध्या मिनिटात त्याला सांगितलं, "गाडी निघाली दादा, बारा मिनिटांत येईल. वहिनींना हलवू नका." म्हणून त्यानं शेजाऱ्याची पिकअप परत पाठवली.

गाडी निघाली होती हे खरंच होतं. ती दुसऱ्या संस्थेची होती आणि सगळ्यात जवळ होती. ड्रायव्हर परतालुक्यातला, नोकरीला लागून पंधरा दिवस झालेला. त्याच्या समोरच्या पडद्यावर गट नंबर एकशे चौदा असं आलं आणि तो बरोबर एकशे चौदालाच गेला. ते गाव तेच होतं, पण जागा कालव्याच्या पलीकडची. तिथं एक बंद घर होतं. त्यानं हॉर्न वाजवले, हाका मारल्या, फोनला रेंज मिळेना म्हणून गाडी परत मोठ्या रस्त्याला आणली आणि तिथून फोन करून रस्ता विचारला. तो अकरा बटा चारला पोचला तेव्हा बारा मिनिटांची बावन्न मिनिटं झाली होती. चंद्रकलाबाई वाटेतच गेल्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर एका इंजेक्शनचं काम होतं.

मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात कळलं. मी माझ्या मशिनवर अकरा, तिरपी रेघ, चार असं टाइप केलं. पलीकडून एकशे चौदा बाहेर पडलं. मी पुन्हा टाइप केलं. तिसऱ्यांदाही एकशे चौदाच आलं.

मशिनला दोन कामं होती. बट्याचा हायफन करायचा आणि नको ती चिन्हं गाळायची. मी गाळण्याचं काम आधी लावलं होतं. बटा हायफन व्हायला पोचायच्या आधीच चाळणीत गाळला गेलेला असायचा. चाचणीसाठी मी जे दोनशे पत्ते वापरले ते सगळे पुण्यातले, फ्लॅटचे आणि सोसायट्यांचे, त्यात बटा एकही नव्हता. आणि साडेचार महिने हे कोणाला कळलं नाही, कारण ड्रायव्हर गावचेच असायचे. बाई फोनवर नाव सांगायच्या आणि ते नावावरून मळा ओळखायचे. नंबराकडं कोणी बघतच नव्हतं. नंबरावरच विसंबणारा पहिला माणूस तो परतालुक्यातला ड्रायव्हर निघाला.

मी मुजुमदार सरांना लगेच सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं. ते वाईट माणूस नव्हते, आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. ते म्हणाले, "आधी दुरुस्त कर. बाकीचं मी बघतो."

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. वरची ओळ खाली आणि खालची वर. दुपारपर्यंत ती 'किरकोळ सुधारणा' या नावानं चारही ठिकाणी गेली. बाकीचं त्यांनी काय बघितलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी एवढंच समजावलं की हे बाहेर गेलं तर दुवा उद्याच बंद पडेल, पुन्हा तीस किलोमीटरवरून गाड्या येतील आणि मग किती जण जातील याचा विचार कर. त्यांचा त्यावर विश्वास होता. माझाही बसला, कारण तो बसण्यात माझी सोय होती.

चौथ्या दिवशी बाईंच्या कंट्रोल रूममध्ये चौकशी झाली. संस्थेचे दोन पदाधिकारी, एक सरकारी डॉक्टर, सर आणि मी. फोनवरचं बोलणं तेव्हा रेकॉर्ड होत नसे. पुरावा होता तो फक्त मशिनच्या नोंदीचा, आणि नोंदीत चाळणीतून खाली उतरलेलं तेवढंच जपलेलं असायचं. बाईंच्या बोटांनी काय टाइप केलं होतं ते कुठंच राहिलेलं नव्हतं. तेही मीच ठरवलं होतं.

बाई आधी ठामपणे म्हणाल्या, मी बटा मारला होता. मग पदाधिकाऱ्यांनी नोंदीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यावर एकशे चौदा होतं. बाईंनी चष्मा लावून ते तीन आकडे वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. मग त्यांनी उजव्या हाताची करंगळी, बटा मारायचं बोट, डाव्या हातात धरली आणि तिच्याकडं बघत राहिल्या.

"मग राहिला असेल," त्या म्हणाल्या. "कागद कशाला खोटं बोलेल?"

मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, तो मी सगळा प्यायले. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. बाईंना त्याच दिवशी घरी बसवलं.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं, यांना कळलं. पण त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, परवा, दहावा झाला की मी पानगव्हाण्यांच्या मळ्यावर जाणार आहे, माझ्याबरोबर याल का? मी का म्हणून विचारलं.

"ते विचारतील, मशिन नीट होतं का म्हणून. मला त्यातलं काय कळतं? तुम्ही सांगा, मशिन नीट होतं. म्हणजे कोणाला धरायचं ते तरी त्यांना कळेल. माणसाला कोणीतरी धरायला लागतं मॅडम. नाहीतर ते आतल्या आत कुजतं."

त्या मला साक्षीदार म्हणून नेत होत्या, स्वतःच्याच विरुद्ध. नाही म्हणायची सोय नव्हती आणि हो म्हणायची छाती नव्हती. मी हो म्हणाले. बसमध्ये पुण्यापासून नाशिकपर्यंत मी एकच वाक्य घोकत होते, 'मशिन तांत्रिकदृष्ट्या नियमाप्रमाणे चालू होतं.' त्यात खोटं असं काही नव्हतं. असलं वाक्य तयार करता येतं याची मला तेव्हा थोडी फुशारकीसुद्धा वाटली, हे आज लिहिताना लाज वाटते.

बाई स्टँडवर उभ्या होत्या. इस्त्रीची पांढरट साडी, हातात कापडी पिशवी. अकरा दिवसांत त्या वाळल्या होत्या. जीपमध्ये त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढून मला दाखवला. त्यांनी आपली चूक स्वतःच्या अक्षरात लिहून आणली होती. आयत्या वेळी बोलता आलं नाही तर वाचून दाखवू, असं त्या म्हणाल्या. मी वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे एक घर उघडे पडले.' मी कागद होता तसा घडी करून परत दिला.

मळा लांबून ओळखू आला, कारण सगळीकडं नंबर लिहिलेला होता. पाण्याच्या टाकीवर, विजेच्या खांबावर, फाटकावर, बागेच्या कडेच्या दगडांवर, अगदी गोठ्याच्या पत्र्यावरही. लाल ऑइलपेंटनं, हातभर मोठ्या आकड्यांत अकरा बटा चार. आकडे एकदाच रंगवलेले होते, पण मधल्या रेघेवरून ब्रश दोन-तीनदा फिरलेला होता. काही ठिकाणी रंग ओघळून खालपर्यंत आला होता.

रंगनाथ पानगव्हाणे ओसरीत बसला होता. पंचेचाळिशीचा, उंच, डोकं नुकतंच तासलेलं. आम्ही कोण ते बाईंनी सांगितलं. त्यानं उठून सतरंजी टाकली आणि पाणी आणून ठेवलं. घरात दुसरं कोणी दिसत नव्हतं. बाईंनी कागद काढला, पण उघडला नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुम्ही बरोबर सांगितलं होतं. माझ्या हातून बटा राहिला. चूक माझी आहे. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

त्यानं मान हलवली.

"नाय बाई. तुमची नाय. माझी हाये." त्याचा आवाज अगदी साधा होता. हजारदा मनाशी बोललेली गोष्ट बोलावी तसा. "अकरा बटा चार. जन्म गेला ते सांगण्यात. सोसायटीत, तलाठ्याकडं, समितीत. त्या दिवशी ती पलीकडं घरघरत होती, मला माझंच बोलणं ऐकू येईना. म्या बटा म्हणलो का नाय, तेच आठवत नाय. इतक्यांदा आठवून बघितलं. मीच गिळला असंल."

बाई म्हणाल्या, नाही हो, तुम्ही म्हणाला होतात. तो म्हणाला, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय. तिचे भाऊ तेच म्हणतात, ज्याला आपल्या घराचा पत्ता नीट सांगता आला नाही त्यानं आमची बहीण मारली. त्यांचं काय चुकलं? मग ते दोघं तिथं समोरासमोर बसून एकमेकांकडून ती चूक ओढून घ्यायला लागले. ही म्हणे माझी, तो म्हणे माझी. ना भांडण, ना रडणं. मी मध्ये बसले होते आणि दोघांपैकी कोणाचीच ती नव्हती हे माहीत असलेली मी एकटीच होते.

बाई माझ्याकडं वळल्या. "मॅडम, तुम्हीच सांगा यांना. मशिन नीट होतं ना?"

पुढं काय काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे ते नंतर आड येणार नाही. मी लेखी जबाब दिला. दुवा पाच आठवडे बंद राहिला आणि मग पुन्हा सुरू झाला, मुजुमदार सरांना वाटलं होतं तसा कायमचा बुडाला नाही. मी कंपनी सोडली. सोडायला सांगायच्या आधी सोडली, यात फार मोठेपणा नाही. बाईंना संस्थेनं सन्मानानं परत बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. नव्या नियमांत मशिननं माणसाला अडवायचं ठरलं. आता तेरा वर्षं झाली. या सगळ्याबद्दल मला लोकांनी बरं म्हटलं आहे, उशिरा का होईना खरं बोललीस म्हणून. ते म्हणणाऱ्यांना त्या ओसरीतलं पुढचं माहीत नाही.

मी म्हणाले, "नव्हतं."

मी घोकलेलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला, पण ते आलं नाही. मग मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं. तुम्ही बटा म्हणाला होतात. बाईंनी बटा मारला होता. मशिननं तो काढून टाकला. मशिनला तसं सांगणारी मी. मी बाईंना शब्द दिला होता आणि दोन ओळींचा क्रम चुकवला. बोलताना मी त्याच्याकडं बघत नव्हते, पाण्याच्या तांब्याकडं बघत होते.

बाईंचा हात माझ्या हाताला लागून सतरंजीवर टेकलेला होता. तो त्यांनी हळूच उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"त्या दिवशी मी कागद वाचत होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा तू तिथंच बसली होतीस."

इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तूगं केलं. मी हो म्हणाले. त्यांनी आपला लिहून आणलेला कागद पुन्हा पिशवीत ठेवला आणि त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

मी वाट बघत होते की रंगनाथ आता ओरडेल, अंगावर येईल. त्यासाठी मी तयार होते, खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. त्यानं फक्त विचारलं, "म्हंजी म्या बरोबर बोललो व्हतो?"

"हो."

"बटा म्हणलो व्हतो?"

"हो. तुमचं काहीही चुकलं नाही."

त्यानं भिंतीला डोकं टेकवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यानं पुसलं नाही. तसंच भिंतीला टेकून त्यानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

हा प्रश्न येईल असं मला का वाटलं नव्हतं, कोण जाणे.

"दुसऱ्या दिवशी," मी म्हणाले. "सकाळी."

तो बोटांवर मोजत नव्हता, पण मोजतोय हे दिसत होतं.

"पोरगी हाये मला," तो म्हणाला. "ऋतुजा. दहावीत गेलीया. काल दहाव्याला घाटावरनंच तिच्या मामानं नेली. मला म्हणला, तुझ्या भरवशावर बहीण ठेवली ती गेली, आता भाची नाय ठेवणार. ती माझ्याकडं बघत व्हती, म्या कायतरी बोलावं म्हणून. काय बोलणार? मला वाटलं, बरोबरच हाये त्याचं. म्या जाऊ दिली." तो थांबला. "काल."

एकच दिवस. मी आदल्या दिवशी आले असते तर. चौथ्या दिवशी त्या खुर्चीवरून उठले असते तर. ही गणितं मी पुढं तेरा वर्षं करत आले आहे. त्या वेळी, मला क्षमा करा, असं काहीतरी मी पुटपुटले असेन. ते त्याला ऐकू गेलं नाही, किंवा त्यानं ऐकून घेतलं नाही. त्यानं खिशातून फोन काढला होता आणि नंबर लावत होता.

पलीकडं मामानं उचलला असावा. रंगनाथ म्हणाला, फोन ठेवू नका, पोरीला द्या, एवढंच द्या, परत मागणार नाय. थोडी बोलाचाली झाली. मग पलीकडं कोणीतरी फोन घेतला हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं फोन माझ्यापुढं धरला.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "मला सांगितलं तसंच."

मी फोन कानाला लावला. पलीकडं एक मुलगी श्वास घेत होती. मी माझं नाव सांगितलं. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांनी त्या दिवशी पत्ता बरोबर सांगितला होता. पूर्ण सांगितला होता. चूक माझी होती."

फोन ठेवला की काय म्हणून मी पडद्याकडं बघितलं, सेकंद पुढं चालले होते. मी पुन्हा कानाला लावला.

"परत सांगा," ती म्हणाली. "मी स्पीकर लावते. मामाला पण ऐकू दे."

मी परत सांगितलं.